'खालिद हटाव' म्हणण्याआधी मुंबई एफसी आठवा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

18 नोव्हेंबर 2025 ला ढाक्यात आपण बांगलादेशकडून 0-1 हरलो. बांगलादेशने आपल्याला हरवण्याची ही बावीस वर्षांतली पहिली वेळ. त्याच्या महिनाभर आधी फातोर्ड्यात, आपल्याच मैदानावर, सिंगापूरने आपल्याला 2-1 हरवून 2027 च्या आशिया कपाचं दार बंद केलं होतं. तेव्हापासून फुटबॉलच्या प्रत्येक ग्रुपवर एकच ओरड आहे: खालिद हटाव. ऑगस्टमध्ये 'आपला माणूस आला' म्हणून ज्यांनी पेढे वाटले, त्यांनीच नोव्हेंबरात दगड उचलले.

राग मला कळतो. बांगलादेशकडून हरणं कोणालाच गोड लागत नाही. पण कोच काढून काय मिळतं, काय जातं, याचा हिशोब आपल्याकडे कधी मांडलाच जात नाही. गंमत म्हणजे हा हिशोब मांडायला लंडन-माद्रिदला जायची गरज नाही. मुंबई, पुणे आणि गोवा, एवढ्यातच सगळे नमुने सापडतात. सुरुवात खुद्द खालिद जमील यांच्यापासूनच करतो, कारण त्यांना याआधी एकदा घरी पाठवून झालंय. मुंबईनेच पाठवलं होतं.

मुंबई एफसी, 2016

आजच्या पोरांना मुंबई म्हटलं की निळी जर्सी, मुंबई सिटी आणि अंधेरीचं मैदान आठवतं. त्याआधी एक मुंबई एफसी होता. 2007 मध्ये सुरू झालेला, आय-लीग खेळणारा, कुपरेजवर घाम गाळणारा. महिंद्रा युनायटेडसारखा मोठा क्लब 2010 मध्ये बंद झाला, तेव्हा देशाच्या वरच्या लीगमध्ये शहराचं नाव लावणारा हाच संघ उरला.

खालिद या क्लबचे खेळाडू होते. दुखापतींनी कारकीर्द आखडली आणि 2009 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याच क्लबने त्यांच्या हाती संघ दिला. पुढची सात वर्षं त्यांनी तो चालवला. बजेट तुटपुंजं. चांगला खेळाडू तयार झाला की बंगाल-गोव्याचे क्लब उचलून नेणार, हे ठरलेलंच. खेळ बघायला देखणा नव्हता, हे मान्य. मागे भिंत उभी करायची, संधी मिळाली की पुढे धावायचं. एक गोल झाला की कुलूप. लोक कंटाळायचे, नावं ठेवायचे. पण त्या सात वर्षांत संघ एकदाही खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला नाही.

2016 मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला. आता काहीतरी मोठं करू, हा त्यामागचा विचार असणार. विचारात गैर काहीच नाही. सात वर्षं टिकून राहिलो, आता वर चढू, असं कोणत्याही मालकाला वाटेल.

पुढचा मोसम आठवा. 2016-17. खालिद गेले ऐझॉलला. ऐझॉल हा मिझोरामचा क्लब आदल्या वर्षी खाली घसरला होता. गोव्याचे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले म्हणून त्याला परत घेतलं गेलं. म्हणजे दारातून बाहेर काढलेल्याला पंगतीत जागा रिकामी झाली म्हणून पुन्हा बसवलं. खालिदनी तिकडे मुंबईत हाताखाली खेळलेली पोरं सोबत घेतली, आशुतोष मेहता, जयेश राणे. एप्रिलमध्ये घरच्या मैदानावर मोहन बागानला 1-0 हरवलं. शेवटच्या दिवशी शिलाँगमध्ये लाजाँगशी 1-1 बरोबरी पुरली. ऐझॉल 37 गुण, मोहन बागान 36. ईशान्येतला क्लब पहिल्यांदाच देशाचा चॅम्पियन झाला.

आणि मुंबई एफसी? मोसम मध्यावर असताना कोच संतोष कश्यप यांना बदलून स्पेनचे ऑस्कर ब्रुझॉन आणले. दहा संघांत दहावा नंबर. खाली घसरला आणि त्यानंतर क्लबच बंद झाला.

एकाच मोसमात, एकाच लीगमध्ये, ज्याला काढलं तो पहिला आणि ज्यांनी काढलं ते शेवटचे. कादंबरीत कोणी असं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं.

आता लगेच 'बघा, कोच काढू नये' असा निष्कर्ष काढू नका. एक उदाहरण म्हणजे कायदा नव्हे. याच्या अगदी उलटं उदाहरण चार वर्षांनी गोव्यात घडलं.

एफसी गोवा, 2020

सर्जिओ लोबेरा 2017 मध्ये गोव्याला आले. त्याआधी झिकोसारखं मोठं नाव तीन मोसम कोच होतं. 2015 ला फातोर्ड्यात फायनल अगदी शेवटच्या मिनिटांत हातातून गेली आणि 2016 ला संघ तळाला. लोबेरांनी तिथून उचलून देशातला सगळ्यात देखणा खेळ उभा केला. 2018-19 ला आयएसएलची फायनल गाठली. ती मुंबईत बंगळुरूविरुद्ध जादा वेळेत गेली, राहुल भेकेच्या, म्हणजे आपल्याच मुंबईच्या पोराच्या, हेडरवर. पण त्याच वर्षी सुपर कप जिंकून दिला.

जानेवारी 2020 च्या अखेरीस एफसी गोवाने याच लोबेरांना काढलं. साखळीचे तीन सामने उरले होते. संघाचे 15 सामन्यांत 30 गुण होते. तळाला असलेल्या संघाने कोच काढला तर समजू शकतो, पण शर्यतीत पुढे असणाऱ्याने? क्लबवर सगळीकडून शिव्या पडल्या.

जबाबदारी दिली क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे, तात्पुरती. क्लिफर्ड म्हणजे धेंपोचा जुना मिडफिल्डर, गोव्याच्याच मातीतला. सोबत टेक्निकल डायरेक्टर डेरिक परेरा. तीन सामने झाले. हैदराबादला 4-1, मुंबई सिटीला 5-2, जमशेदपूरला 5-0. तीन सामन्यांत चौदा गोल. 39 गुणांसह एफसी गोवा साखळीत पहिला आला, आणि त्या वर्षीपासून पहिल्या येणाऱ्याला आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात थेट जागा मिळणार होती. त्या पायरीवर पोचलेला तो पहिला भारतीय क्लब.

म्हणजे काढणं बरोबर ठरलं? उपांत्य फेरीत चेन्नईयनकडून दोन सामने मिळून 5-6 हरले, तरी तीन सामन्यांपुरतं तर नक्कीच बरोबर ठरलं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. पुढच्या मोसमात लोबेरा मुंबई सिटीत. त्यांच्यामागोमाग गोव्याचा कणाच मुंबईला आला: अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बुमू, मंदार राव देसाई. कोविडमुळे ती सगळी स्पर्धा गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये झाली. उपांत्य फेरीत समोरासमोर कोण? मुंबई आणि गोवा. 2-2, मग 0-0, आणि पेनल्टीवर मुंबई. फायनलला फातोर्ड्यातच नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल. साखळीतला पहिला नंबरही मुंबईचा, कपही मुंबईचा. ज्याला गोव्याने काढलं, त्याने गोव्याच्याच मैदानांवर दोन्ही ट्रॉफ्या उचलल्या.

या प्रकरणातून मला जे दिसतं ते असं. क्लिफर्डना तयार संघ मिळाला. शिस्त, पासिंग, फिटनेस, सगळं लोबेरांनी अडीच वर्षांत घातलेलं. घर बांधलं एकाने, वास्तुशांत केली दुसऱ्याने. त्यात क्लिफर्ड यांचं श्रेय कमी होत नाही. पुढे 2023 मध्ये त्यांनी ओडिशाला सुपर कप जिंकून देऊन आपली धमक दाखवलीच. पण कोच काढण्याचा फायदा लगेच दिसतो आणि किंमत उशिरा कळते. गोव्याला ती किंमत एका वर्षाने कळली, पेनल्टी शूटआउटमध्ये.

पुणे: दर वर्षी नवा घडी, नवा राज

हे झालं एकदा काढण्याबद्दल. आता दरवर्षी बदलणाऱ्यांचं बघू.

एफसी पुणे सिटी. 2014 ते 2019. पाच मोसम. कोच मोजा: फ्रँको कोलोम्बा, डेव्हिड प्लॅट, अंतोनियो हबास, रँको पोपोविच, मिगेल आंखेल पोर्तुगाल, फिल ब्राउन. पाच मोसमांत सहा, मधला हंगामी माणूस सोडून. इंग्लंडकडून वर्ल्ड कप खेळलेला प्लॅट आला. कोलकात्याला कप जिंकून दिलेले हबास आले. एकदाच, 2017-18 ला पोपोविच यांच्या हाताखाली, संघाने उपांत्य फेरी गाठली. पुढच्या मोसमात कोच दुसरा. तो काही सामन्यांत गेला.

प्रत्येक कोच आपली पद्धत आणतो, आपले परदेशी खेळाडू मागतो. आधीच्याने घेतलेले खेळाडू नव्याला नको असतात. बालेवाडीच्या प्रेक्षकाला दर वर्षी नवीन संघ ओळखून घ्यावा लागायचा. 2019 मध्ये पुण्याची जागा हैदराबादला गेली. क्लब पैशांच्या अडचणीत होता, बंद पडण्याचं मूळ कारण तेच. पण पाच वर्षांत काही उभं राहिलं असतं तर ते वाचवायला कोणी पुढे आलं असतं असं मला वाटतं. वाचवण्यासारखं काही उभंच राहिलं नव्हतं.

आणखी एक गंमत. फिल ब्राउन हैदराबादच्या नव्या संघासोबत गेले आणि जानेवारी 2020 मध्ये, लोबेरांच्या काही दिवस आधी, त्यांनाही काढलं. एकाच महिन्यात वरच्या टोकाच्या संघानेही कोच काढला आणि तळाच्या संघानेही. हैदराबाद तळालाच राहिला. पुढे तिथे मानोलो मार्केझ आले, त्यांना वेळ मिळाला, तरुण भारतीय खेळाडूंवर त्यांनी काम केलं आणि दुसऱ्या मोसमात, मार्च 2022 मध्ये, हैदराबाद चॅम्पियन झाला.

धेंपो: तेरा वर्षांचा संसार

याच्या दुसऱ्या टोकाला धेंपो आणि आर्मांदो कुलासो. 2000 ते 2013. पाच राष्ट्रीय विजेतेपदं: 2004-05, 2006-07, 2007-08, 2009-10, 2011-12. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, सगळी गावातली पोरं, वर्षानुवर्षं एकत्र खेळलेली. पुढे रँटी मार्टिन्स. सालं नीट बघा. मध्ये मध्ये रिकामी वर्षं आहेत. 2005-06 ला विजेतेपद महिंद्राने नेलं, 2008-09 आणि 2010-11 लाही धेंपो पहिला नव्हता. अशा प्रत्येक रिकाम्या वर्षी कुलासोंना घालवता आलं असतं. क्लबने घालवलं नाही, आणि प्रत्येक वेळी पुढच्याच वर्षी ट्रॉफी परत आली.

2013 मध्ये ती साथ सुटली. त्यानंतर परदेशी कोच आले, आणि 2014-15 मध्ये पाच वेळचा चॅम्पियन खाली घसरला. कुलासो असते तर घसरला नसता असं मी म्हणणार नाही. तोवर आयएसएल आली होती, पैसा तिकडे वळला होता, गोव्याच्या जुन्या क्लबांचे दिवस फिरले होते. पण तेरा वर्षांचं घडलेलं यंत्र एकदा सुटं केलं की पुन्हा जुळत नाही, एवढं नक्की.

बूट बदलले, कोच नाही

थोडं मागे जाऊ. 1952, हेलसिंकी ऑलिम्पिक. युगोस्लाव्हियाकडून आपण 1-10 हरलो. दहा गोल! आजचा जमाना असता तर विमान उतरायच्या आत कोचचा राजीनामा मागितला असता. कोच होते सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे.

त्या पराभवातून फेडरेशनने काय धडा घेतला? आपली बरीच पोरं अनवाणी खेळली होती, तिकडच्या थंडीत आणि ओलसर मैदानावर. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. दुखणं होतं तिथेच औषध लावलं.

चार वर्षांनी मेलबर्नला संघ रहीम साहेबांच्याच हाती होता. ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं, तीन गोल नेव्हिल डिसोझाचे, आपल्या मुंबईच्या मैदानांवर खेळणारा नेव्हिल. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरीत पुन्हा तोच युगोस्लाव्हिया, आणि पहिला गोल आपला, तोही नेव्हिलचा. शेवटी 1-4 हरलो, पण ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक. 1962 ला जकार्तात दक्षिण कोरियाला हरवून आशियाई सुवर्ण. पुढच्याच वर्षी कर्करोगाने रहीम साहेब गेले.

दहा गोल खाल्लेल्या माणसाने सुवर्ण आणलं. कारण दहा गोल का पडले याचं उत्तर शोधताना कोणीतरी पायांकडे बघितलं होतं.

मग क्लब कोच का काढतात?

सोपं आहे म्हणून. पंचवीस खेळाडू मोसमाच्या मध्यात बदलता येत नाहीत, त्यांचे करार असतात, बाजार बंद असतो. मालक स्वतःला काढत नाही. स्काउटिंग करणाऱ्याचं नाव कोणाला ठाऊक नसतं. उरतो एकच चेहरा, टचलाइनवर उभा असलेला. त्याला काढलं की 'काहीतरी केलं' असं दिसतं. पब्लिकचा राग उतरतो. आपल्याकडे पूल पडला की एखादा ज्युनिअर इंजिनिअर सस्पेंड होतो, तसंच हे. निविदा कोणी काढली, तपासणी कोणी केली, हे प्रश्न तसेच राहतात.

आणि वरून असं वाटतं की उपाय लागू पडला! कारण कोच काढल्यावर संघ बऱ्याचदा दोन-चार सामने जिंकतो. नेदरलँड्सचे अर्थतज्ज्ञ बास टेर वील यांनी यावर नीट काम केलंय. त्यांनी 1986 ते 2004 मधल्या डच लीगचे मोसम तपासले. कोच काढलेले संघ एकीकडे, आणि तसेच हरत असलेले पण कोच न काढलेले संघ दुसरीकडे ठेवले. काढलेले संघ सावरले. न काढलेलेही तितकेच सावरले. म्हणजे साधा ताप होता. अंगारा लावला म्हणून उतरला असं वाटलं, न लावता पण उतरलाच असता.

काढण्याचा खर्च मात्र खरा असतो. आपल्या फेडरेशनचंच बघा. इगोर स्टिमाच 2019 पासून कोच. ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांचा करार 2026 पर्यंत वाढवला. जून 2024 मध्ये कतारविरुद्ध हरून वर्ल्ड कप पात्रता हुकली आणि त्यांना काढलं. मग वाद झाला, आणि शेवटी 4 लाख डॉलर देऊन तो मिटवावा लागला. तीन कोटी रुपयांच्या वर. तेवढ्यात मुलांच्या किती लीग चालल्या असत्या, याचा हिशोब तुमच्या तालुक्याच्या मैदानावर उभं राहून करा. मँचेस्टर युनायटेडने 2024 मध्ये तेच केलं. जुलैत टेन हाग यांचा करार वाढवला, ऑक्टोबरात त्यांना काढलं. फरक एवढाच की त्यांच्याकडे उधळायला पैसा आहे. आणि दोन्हीकडे करार वाढवणाऱ्याला कोणी जाब विचारला नाही.

कधी काढायलाच हवा

मी कोचांचा वकील नाही. काही वेळा काढावंच लागतं.

2017 चा अंडर-17 वर्ल्ड कप भारतात होता. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता. स्पर्धेला काही महिने उरलेले असताना मुलांनी सह्या करून कोच निकोलाय अ‍ॅडम यांच्या वागणुकीबद्दल फेडरेशनकडे तक्रार केली. अ‍ॅडम गेले, लुईस नॉर्टन दि मातोस आले. वर्ल्ड कपमध्ये तिन्ही सामने हरलो. म्हणून कोच बदलणं चुकलं का? अजिबात नाही. सतरा वर्षांच्या आतली पोरं एकत्र येऊन तक्रार करतात तेव्हा स्कोअरलाइन बघायची नसते. संघाचा कोचवरचा विश्वास उडाला, त्याची वागणूक बिघडली, की कॅलेंडर न बघता निर्णय घ्यावा.

दुसरी वेळ: कोचकडची वाटच संपली, आणि पुढचा माणूस हाताशी तयार आहे. इथे पुन्हा खालिदच येतात. जानेवारी 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने जेरार्ड नूस यांना काढून खालिदना बसवलं. त्यानंतर साखळी संपेपर्यंत संघ एकही सामना हरला नाही, थेट उपांत्य फेरी. डिसेंबर 2023 मध्ये जमशेदपूरने स्कॉट कूपर यांच्या जागी त्यांनाच आणलं आणि पुढच्या मोसमात संघ आयएसएलच्या उपांत्य फेरीत आणि सुपर कपच्या फायनलमध्ये पोचला. म्हणजे ज्या रिवाजाने खालिदना मुंबईतून घालवलं, त्याच रिवाजाने त्यांना पुढे दोनदा नोकरी मिळवून दिली. याच नॉर्थईस्टमध्ये पुढचा पूर्ण मोसम त्यांच्याच हाती होता, आणि अकरा संघांत दहावा नंबर आला, हेही लपवायला नको.

त्यामुळे 'खालिद देव आहे' असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. कमी साधनांत संघ तगवण्याची कला त्यांच्याकडे आहे. संघ पुढाकार घेऊन खेळवणं, बचावाला बसलेल्या प्रतिस्पर्ध्याचं कुलूप फोडणं, ही त्यांची जुनीच दुखरी बाजू. ढाक्यात ती उघडी पडली.

तर मग खालिदचं काय करायचं?

मी तीन प्रश्न विचारतो. तुम्हीही विचारा, तुमच्या आवडत्या कुठल्याही क्लबबद्दल.

पहिला: त्यांना काय मिळालं होतं? ऑगस्ट 2025 मध्ये ते आले. पात्रता फेरी मार्चमध्येच सुरू झालेली. मानोलो मार्केझ तेव्हा एफसी गोवा आणि भारत असे दोन संसार सांभाळत होते. घरात बांगलादेशशी 0-0, जूनमध्ये हाँगकाँगकडून हार. गोल करायला माणूस नाही म्हणून निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला चाळिशीच्या उंबरठ्यावर परत बोलावलेलं. हे ताट खालिदना वाढून मिळालं. त्यातही ऑगस्ट-सप्टेंबरात मध्य आशियातल्या स्पर्धेत त्यांनी ताजिकिस्तानला त्यांच्या घरात हरवलं आणि ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक आणला.

दुसरा: उद्या ते गेले तर काय बदलेल? ढाक्याचा सामना झाला तेव्हा आयएसएलचा मोसम सुरूच झालेला नव्हता. कराराच्या घोळात लीग लटकलेली, क्लबांनी पगार-सराव थांबवलेले, खेळाडूंच्या पायाला सामन्यांची सवय नाही. बाहेरून कोणीही आणा, गार्डिओला आणा, लीग न खेळलेल्या पोरांचा दम नव्वद मिनिटं कुठून आणणार?

तिसरा: पुढचा कोण, आणि त्याला किती वर्षं देणार? या प्रश्नाचं उत्तर नसताना कोच काढणं म्हणजे नवीन भाड्याचं घर न बघता जुनं सोडणं.

तिन्ही उत्तरं मांडली की माझं मत स्पष्ट आहे. आज खालिद जमीलना काढू नये. किमान दोन वर्षं द्यावीत, पण मोकळं रान देऊ नये. या दोन वर्षांत किती नवे खेळाडू पुढे आणणार, संघ कसा खेळवणार, हे फेडरेशनने त्यांच्याकडून लेखी घ्यावं, आणि तो कागद लोकांसमोर ठेवावा. दोन वर्षांनी त्याच कागदावर त्यांना मोजू. तेव्हा कमी पडले तर मीही म्हणेन, आता बस.

आणि तेवढ्याच जोरात दुसरा प्रश्न विचारू या: लीग का लटकली, कोणामुळे लटकली, आणि त्याची खुर्ची का हलत नाही? 1952 ला अनवाणी पाय दिसत होते म्हणून बूट आले. आज पाय उघडे पडलेत ते लीगच्या, आणि आपण पुन्हा टचलाइनवरच्या माणसाच्या मागे लागलोय.

मुंबई एफसी आठवत असेल तर कमेंटमध्ये लिहा. कुपरेजवर बघितलेला एखादा सामना, एखादा खेळाडू. त्या क्लबची आठवण ठेवणारं आता आपल्याशिवाय कोणी नाही.